छेद किती? – वर्गात शिकलेलं घरी नेताना

माळावरची

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. पुण्यात विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते, पहिलं वर्ष नुकतंच संपलं. गाव पारनेर तालुक्यात. घरी कांदा, ज्वारी, दोन म्हशी.

पहिल्या सत्रात नमुना निवडीच्या तासाला मॅडमनी फळ्यावर आडवी रेघ ओढली. रेघेच्या वर ९ लिहिलं आणि खालची जागा मोकळी सोडली. म्हणाल्या, "नऊ जणांना औषधाचा गुण आला. औषध चांगलं का?" वर्गात कुणीच बोलेना. दहातले नऊ की नऊशेतले नऊ, ते कळल्याशिवाय बोलणार तरी काय? अपूर्णांक आपण प्राथमिक शाळेतच शिकतो, पण मला त्यातलं 'छेद शून्य नसावा' एवढंच आठवत होतं. अंश आपोआप कानावर येतो आणि छेद मात्र मागावा लागतो, हे त्या तासाला पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून ही सवय घरी नेऊन पाहतेय. एकदा ती चांगली कामी आली. एकदा मात्र तोकडी पडली, आणि त्यासाठीच हा धागा आहे.

आधी चांगलं सांगते. मागच्या मे महिन्यात सुट्टीला घरी होते. आण्णांच्या फोनवर गटात रोज क्विंटलचे बाजारभाव येतात. 'कांद्याला उच्चांकी २,४००.' आण्णांचा सगळा दिवस त्या आकड्याभोवती जायचा. आमच्या मालाला १,४५० लागले की चेहरा उतरायचा. वाळवण कमी पडली का, पात कापताना मान आखूड राहिली का, प्रतवारी नीट झाली नाही का, रात्रीपर्यंत हेच. आईशीही बोलायचे नाहीत. मग एका लिलावाला मी वही घेऊन त्यांच्याबरोबर गेले. आमच्या आडतीवर त्या दिवशी ६४ वक्कल, म्हणजे लिलावाचे वेगवेगळे ढीग, लागले होते. २,४०० गेला एकच वक्कल, अकरा गोण्यांचा. आणखी एक २,१५० ला गेला. ४१ वक्कल १,३०० ते १,६०० च्या मध्ये होते, बाकीचे गोल्टी, चिंगळी वगैरे बारीक कांद्याचे, त्याच्याही खाली. परत येताना टेम्पोत आण्णांना वही दाखवली. बोटाने एकेक ओळ वाचत गेले आणि म्हणाले, "म्हणजे आपण मधले हाये."

बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन रकाने असतात. बराचसा माल ज्या दराने गेला तो सर्वसाधारण, म्हणजेच बहुलक. दहावीला मध्य, मध्यक, बहुलक घोकताना बहुलक कशाला लागतो हे मला कधी कळलं नव्हतं. तो रोज त्या तक्त्यात छापून येत होता, फक्त फोटो पुढे पाठवणारे तो रकाना कापून पाठवत होते. आण्णा नंतर एकदा म्हणाले, "पंधरा वर्सं मी त्या अकरा गोण्यांशी भांडत होतो." ते ऐकलं तेव्हा आपण हा विषय घेतला ते बरं केलं, असं वाटलं.

आता दुसरं. हे वहिनींना विचारून लिहितेय. दिवस गेले तेव्हा तिसऱ्या महिन्यात त्यांची डबल मार्कर चाचणी झाली, बाळात डाउन सिंड्रोमसारखा जन्मजात दोष असण्याची शक्यता किती ते सांगणारी. कागदावर लाल अक्षरात 'हाय रिस्क' आणि पुढे १:१५०. दवाखान्यात गर्दी होती, पुढची तपासणी करून घ्या एवढंच सांगून कागद हातात दिला. घरी आल्यावर कुणी जेवलं नाही. दादा ओट्यावर नुसता बसून राहिला. मी त्याच रात्री पुण्याहून आले. मला वाटलं, हे तर मला येतं. सुपात ज्वारीचे १५० दाणे मोजून घेतले, एकाला कुंकू लावलं, सगळे हलवून सारखे केले आणि वहिनींसमोर ठेवले. म्हटलं, वहिनी, कागदावर लिहिलंय ते एवढंच. दीडशे बायकांतल्या एकीच्या बाळाला तो दोष निघतो, १४९ जणींच्या बाळांना नाही.

त्या बराच वेळ सुपाकडे बघत राहिल्या. मग कुंकवाचा दाणा उचलून तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, "आणि हा मीच असले तर?"

मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या तपासणीचा निकाल यायला दहा दिवस लागले. तो चांगला आला, बाळ आता पाच महिन्यांचं आहे आणि ठणठणीत आहे. पण ते दहा दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

तर माझा प्रश्न असा. तुम्ही जे शिकलात, मग ते महाविद्यालयात असो, नोकरीत असो की शेतात, त्यातलं रोजच्या जगण्यात काय उतरतं? आणि ते आपल्या माणसांना सांगताना कुठे अडतं?

---

जमाखर्च

फार चांगला धागा. मी बी.कॉम. झालो, अठरा वर्षं पतसंस्थेत आहे. तुमचा छेद आमच्या खिडकीवर रोज येतो.

माणूस विचारतो, "व्याज किती?" गाडीच्या दुकानातून ऐकून आलेला असतो, "फ्लॅट १२ टक्के." त्याला वाटतं आमच्या १५ टक्क्यांपेक्षा ते स्वस्त. मी त्याला कागदावर मांडून दाखवतो. एक लाख घेतले, एका वर्षात फेडायचे. फ्लॅट १२ म्हणजे व्याज १२,०००, हप्ता ९,३३३. पण तो लाख रुपये वर्षभर त्याच्याकडे कुठे असतात? पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत जातंय. सहाव्या महिन्यात निम्मंच उरलेलं असतं, शेवटच्या महिन्यात आठ-साडेआठ हजार. सरासरी काढली तर वर्षभर त्याच्या हातात साधारण ५४,००० होते. १२,००० भागिले ५४,००० करा, बावीसच्या आसपास येतं. घटत्या शिल्लकेच्या रीतसर हिशोबाने साडेएकवीस टक्के. म्हणजे दुकानदार अंश खरा सांगतो, छेद मात्र पहिल्या दिवसाचा धरतो.

गावाकडे 'शेकडा दोन' म्हणतात तेही महिन्याचं असतं, वर्षाचे चोवीस झाले. हे बहुतेकांना माहीत असतं, पण अडचणीत असलेला माणूस महिन्याचाच विचार करू शकतो. त्याला दोष देत नाही.

पुण्यात पेठांत गेलं की स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फ्लेक्स दिसतात, निवड झालेल्यांच्या फोटोंनी भरलेले. तिथेही प्रत्येकाने छेद विचारायला हवा. एकूण किती मुलं बसली होती? माझ्या पुतण्याला हेच सांगतोय, ऐकत नाही.

---

ओंजळ

मी प्रसूतिपूर्व तपासणी विभागात परिचारिका आहे, बारा वर्षं झाली. माळावरची, तू दाणे मोजलेस हे वाचून गलबललं. पण एक दुरुस्ती करते, कारण इथे हा धागा आणखी कुणी गरोदर बाई वाचेल.

ते दीडशे दाणे म्हणजे कोणत्याही दीडशे बायका नव्हेत. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात आईच्या रक्तातली दोन द्रव्यं मोजतात आणि सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी पाहतात. त्यात आईचं वय मिळवून हिशोब होतो. म्हणजे १:१५० चा अर्थ, जिचं वय आणि मापं वहिनींसारखी आली अशा दीडशे जणींतली एक. वयाचा भाग मोठा आहे. डाउन सिंड्रोमचं प्रमाण आईच्या तिसाव्या वर्षी साधारण ९०० त एक, पस्तिसाव्या वर्षी ३५० त एक आणि चाळिसाव्या वर्षी १०० त एक असं धरतात. छेद वयाबरोबर बदलतो.

दुसरं. बऱ्याच ठिकाणी १:२५० ही रेघ धरतात. तिच्या अलीकडे आलं की 'हाय', पलीकडे आलं की 'लो'. रेघ माणसांनी आखलेली आहे. १:२४० आणि १:२६० यांत बाळाच्या दृष्टीने काही फरक नाही, पण एकीच्या घरी चूल पेटत नाही आणि दुसरीच्या घरी पेढे वाटतात. आणि 'लो' म्हणजे शून्य नव्हे, हेही सांगावं लागतं.

मी बायकांना सांगते, ही चाळणी आहे. चाळणीत वर राहिलं ते खडाच असेल असं नाही, पुष्कळदा जाड दाणा असतो. म्हणून ते हातात घेऊन पाहायचं. त्याच्यासाठी आईच्या रक्तातून करायची एनआयपीटी आहे. ती जास्त बारीक, पण तीही चाळणीच. पक्कं निदान गर्भजल तपासणीने होतं, ती पंधरा आठवड्यांनंतर करतात. तिच्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो, म्हणून ती सरसकट करत नाहीत.

वहिनींनी विचारलं तो प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच. "मीच असले तर?" तेव्हा मी आकडा बाजूला ठेवते. विचारते, बरोबर कोण आलंय? मग सांगते, तुम्ही त्यातल्या असलात तर पुढे काय काय होईल, कोणती तपासणी, किती दिवस, कोण डॉक्टर बोलतील, निर्णय कुणी घ्यायचा. त्या प्रश्नात त्यांना शक्यता विचारायची नसते. त्यांना पुढची वाट विचारायची असते. तुझ्या वहिनींना त्या दवाखान्यात ही दहा मिनिटं कुणी दिली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

---

माळावरची

ओंजळताई, मनापासून आभार. माझे दाणे चुकीच्या सुपातले होते हे आज कळलं. 'अशाच दीडशे जणी' हे मी कुणालाच सांगितलं नाही, कारण मलाच ते नीट माहीत नव्हतं. पुढची वाट विचारायची असते, हे मात्र वाचून थांबलेच. त्या रात्री मी त्यांना छेद पुन्हा पुन्हा समजावत बसले होते, आवाज थोडा चढवूनसुद्धा. त्यांना तो पहिल्या वेळेलाच समजला होता.

---

अभ्यासिका

जमाखर्च, तुमचा पुतण्या ऐकत का नाही ते मी सांगतो. मी त्याच फ्लेक्सखालून रोज जातो. पाचवं वर्ष आहे. घर बीड जिल्ह्यात. इथे एका खोलीत आम्ही चौघं.

छेद आम्हाला माहीत नसतो असं तुम्हाला का वाटतं? तोंडपाठ आहे. यूपीएससी नागरी सेवा २०२३: अर्ज १०,१६,८५०. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेसाठी पात्र १४,६२४. शेवटी शिफारस १,०१६. आमच्यातला कुणीही झोपेतून उठून हे सांगेल.

आणि फ्लेक्सचं म्हणाल तर एकच मुलगा तीन-तीन फ्लेक्सवर असतो. त्याने एकीकडे पूर्वपरीक्षेची सराव मालिका घेतलेली असते, दुसरीकडे निबंध, तिसरीकडे फक्त मॉक मुलाखत. तिघंही त्याला आपला म्हणतात. म्हणजे तिथे अंशसुद्धा खरा नाही. तेही आम्हाला माहीत आहे.

तरी आम्ही बसतो. कारण गावी परत गेलं तर तिथला छेद कोणता ते कुणी सांगत नाही. दीड एकर कोरडवाहू, दोन भाऊ. बारावीनंतर पदवी घेतलेल्यांतले किती जण धड नोकरीला लागले, याचा फ्लेक्स माझ्या गावात कुणी लावलाय का? इकडचा छेद छापलेला आहे म्हणून सगळे आम्हालाच तो ऐकवतात.

माळावरची, तुमच्या वहिनी म्हणाल्या ते मला लगेच कळलं. आम्ही चौघं रोज उलट्या बाजूने तेच म्हणतो. तो एक मी असलो तर? तुम्ही लोक बाहेरून छेद बघता. आम्ही त्या छेदात राहतो. तिथे डबा येतो, भाडं द्यायचं असतं, मित्राची आजी वारते आणि तो जात नाही कारण आठ दिवसांवर पेपर असतो.

रागाने लिहिलं असेल तर माफ करा. पण मनातलं आहे.

---

जमाखर्च

माफी कशाची? उलट मी मागतो. पुतण्याला मी गेल्या दिवाळीपासून एकच वाक्य ऐकवतोय. तो सोडून काय करशील, हे एकदाही विचारलं नाही.

---

माळावरची

अभ्यासिका, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली, मग होस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसले. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. मला आता दिसतंय की मी आण्णांना जो छेद दिला त्याने ते हलके झाले, आणि तोच छेद जमाखर्चदादांनी पुतण्याला दिला तर त्याने त्याचं ओझं वाढलं. आण्णा स्वतःला नालायक समजत होते, आकड्याने तो आळ गेला. तुमच्या बाबतीत लोक आकड्यानेच तो आळ घालतात.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवर माझ्या विषयातून एक सांगू का? पटलं नाही तर सोडून द्या. १,०१६ हा अंश एकच आहे, पण तुम्ही छेद तीन दिलेत. अर्ज धरले तर हजारात एक. प्रत्यक्ष बसलेले धरले तर ५८३ त एक. मुख्य परीक्षेला पोचलेले धरले तर चौदांत एक. लोक ऐकवतात तो पहिला, आणि त्यात अर्ज भरून घरी राहिलेले सव्वाचार लाखही आहेत. तुम्ही यांपैकी कुठे उभे आहात? आम्ही याला सशर्त संभाव्यता म्हणतो. तुम्ही जी पायरी चढलात ती धरून पुढचं मोजायचं. फक्त त्या चौदांतले बाकीचे तेराही तीच पायरी चढून आलेले असतात, हेही धरावं लागतं.

---

अभ्यासिका

दोनदा मुख्य परीक्षा दिली आहे. एकदा तेरा गुणांनी गेली.

चौदांत एक असं कुणी आजपर्यंत म्हटलं नव्हतं. घरच्यांना पाठवतो. चौदांतल्या बाकीच्या तेरांचंही कळलं, तेही लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर नुसता धीर दिल्यासारखं झालं असतं.

मी आणखी एक वर्ष देणार आहे आणि ते शेवटचं, हे मार्चमध्येच ठरवलंय. धाकटा बारावीला आहे. त्याला मात्र सगळे आकडे आत्ताच सांगितले, चारही. त्याने आयटीआयचा अर्ज आणला. मी आनंदाने सही केली.

---

काळी माती

निवृत्त कृषी सहायक. बत्तीस वर्षं नोकरी, सगळी सोलापूर-उस्मानाबाद पट्ट्यात. मुलीने हा धागा दाखवला, म्हणून सभासद झालो.

ताई, तुम्ही नमुना निवड शिकता म्हणालात. आम्ही ती शिकलो पीक कापणी प्रयोगात, म्हणजे पिकाचं उत्पादन किती आलं ते नमुन्यावरून मोजताना. गावातलं कुठलं शेत, शेतातली कुठली जागा, हे मनाने ठरवायचं नाही. यादृच्छिक आकड्यांवरून गट नंबर निघतो. मग शेताच्या कोपऱ्यापासून लांबीत इतकी पावलं, रुंदीत इतकी, हेही आकड्यावरून. तिथे खुंटी ठोकायची. बहुतेक पिकांना १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा दोरीने आखायचा, कापायचं, मळायचं, वजन करायचं. अर्धा आर होतो तो. असे दोनशे तुकडे जोडले की एक हेक्टर.

खुंटी पडली की शेतकरी म्हणायचा, "साहेब, इथं कशाला, पलीकडं बघा, पलीकडं पीक बरं हाय." कापणी विम्यासाठी असेल तर तोच उलटं म्हणायचा, "इथं बरं दिसतंय, तिकडचं धरा, तिकडं गेलंय सगळं." दोन्ही वेळी तो खोटं बोलत नसायचा. पण खुंटी हलवली की संपलं. मला त्यासाठी शिव्या बसल्यात, एकदा तर गावातनं चालत जावं लागलं. हलवली नाही.

दोरीच्या कडेवर येणारं झाड आत धरायचं की बाहेर, यावर मोठमोठ्या माणसांचं वैर झालेलं आहे. डॉ. पां. वा. सुखात्मे, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. त्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडं आत ओढली जातात आणि उतारा, म्हणजे उत्पादनाचा आकडा, फुगतो. तुकडा जेवढा लहान, तेवढी कड जास्त. दुसऱ्या बाजूला प्रशांतचंद्र महालनोबीस, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक. ते लहान तुकड्यांचा पुरस्कार करत होते. चाळीसच्या दशकातली गोष्ट. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. जगात भुकेले किती, हे मोजायचं काम तिथे त्यांच्याकडे होतं. हे आम्हाला प्रशिक्षणात एका साहेबांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी दोरी ताणून धरायला लागलो. त्याआधी कंटाळ्याने सैल सोडायचो, खरं सांगतो.

रोजच्या जगण्यात काय उतरलं विचारता, तर हे. मनाने निवडायचं असेल तेव्हा खुंटीची आठवण येते. सोसायटीतलं पाणी कमी येतं अशी तक्रार आली, तर मी ओरडणाऱ्याच्या नळाला जात नाही. चिठ्ठ्या काढतो आणि सहा घरांत जाऊन बादली भरायला किती मिनिटं लागतात ते बघतो.

---

खडूफळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. आपल्याकडे 'शितावरून भाताची परीक्षा' म्हणतात, म्हणजे नमुना निवड आपल्या स्वयंपाकघरात पहिल्यापासून आहे. पण एक शीत चालतं कधी? भात एका भांड्यात, एका आचेवर, सगळीकडे सारखा शिजत असेल तेव्हा. पंगतीच्या मोठ्या पातेल्यात वरचं शीत बोटचेपं आणि खाली लागलेलं असतं. आमच्या अंगणवाडीच्या ताई वरून, मधून आणि कडेने असे तीन ठिकाणांहून काढून बघतात. त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

माळावरची, तुझे ज्वारीचे दाणे मी वर्गात आणणार आहे, तुझी हरकत नसेल तर. फक्त आजार नाही घेणार. बाकीच्या दाण्यांना हळद लावून एका डब्यात पंचवीस, दुसऱ्यात दोनशे, दोन्हींत कुंकवाचे पाच-पाच. मुलांना आधी फक्त 'पाच' सांगायचं आणि विचारायचं, डोळे मिटून हात कोणत्या डब्यात घालाल. बघू कोण 'एकूण किती' विचारतं.

---

ओलावा

मी पदवी अर्धवट सोडली, शेती करतो. नाशिककडं, कांदाच. ताईंच्या आण्णांना एक हिशोब सांगायचाय, तो मी ठेच खाऊन शिकलो.

कांदा साठवायच्या चाळीत १०० क्विंटल भरले. त्या दिवशी दर १,३००. विकले असते तर एक लाख तीस हजार. चार महिन्यांनी दर १,७०० झाला, आपण खूश. पण चाळीतनं निघाले किती? वजन घटतं, सड होती, कोंब येतात. माझे ७० निघाले. सत्तर गुणिले सतराशे, एक लाख एकोणीस हजार. चढ्या दराने विकून अकरा हजाराचा तोटा, वरनं निवडायची मजुरी. बरोबरीला यायलाच १,८५७ दर पाहिजे होता. मी दर बघत बसलो आणि चाळीतला छेद रोज बारीक होत होता, तिकडं बघितलंच नाही. आता भरतानाच भिंतीवर खडूनं लिहून ठेवतो, किती भरले आणि बरोबरीचा दर किती.

आणि पावसाचं. बातमीत सांगतात सरासरीच्या अमुक टक्के. देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची धरलेली. ९६ ते १०४ टक्के पडला की सामान्य पाऊस. ठीक आहे. पण माझ्या गावात जूनमध्ये पेरणी झाल्यावर चोवीस दिवस थेंब नाही आणि मग सप्टेंबरात चार दिवसांत सगळा. टक्केवारी भरली, सोयाबीन गेलं. तिथं छेद बरोबरच होता, पण पिकाला पाणी टक्क्यानं लागत नाही, तारखेनं लागतं. म्हणून पाऊसमापक घेतला, साधा प्लास्टिकचा. रोज सकाळी साडेआठला वाचून कॅलेंडरवर लिहितो. दोन पावसांमधला खंड किती दिवसांचा, हा माझा मुख्य आकडा.

---

ओंजळ

ओलावा, "टक्क्यानं लागत नाही, तारखेनं लागतं" हे आमच्या विभागातही तसंच आहे. लोहाच्या गोळ्या एकूण किती वाटल्या ते कागदावर भरतं, पण कुणाला चौथ्या महिन्यापासून मिळाल्या आणि कुणाला आठव्यात, ते एकाच बेरजेत जातं. उद्यापासून मी माझ्या वहीत महिना वेगळा लिहिणार.

---

माळावरची

आठ दिवस घरी होते म्हणून उत्तरं राहिली. सगळ्यांचं आण्णांना वाचून दाखवलं. ओलावादादांचा हिशोब त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग उठून चाळीकडे गेले. आमची भिंत नाही, तारेची जाळी आहे, म्हणून पत्र्यावर लिहिलंय: भरले ८२ क्विंटल, तारीख, त्या दिवसाचा दर. बरोबरीच्या दरासाठी जागा सोडलीय. दर महिन्याला एक कप्पा उघडून निवडायचा आणि घट मोजायची, असं ठरलंय. मी म्हटलं, कप्पा चिठ्ठीने ठरवू, दाराजवळचा सोपा म्हणून घ्यायचा नाही. काळी माती काकांचं वाचून ऐकवल्यावर आण्णा लगेच तयार झाले.

वहिनींनी ओंजळताईंची पोस्ट स्वतः वाचली. म्हणाल्या, "या बाई आपल्या गावाच्या दवाखान्यात पाहिजे होत्या." मग बाळाला पायांवर झोपवून मला त्या दहा दिवसांतलं बरंच सांगितलं, जे तेव्हा सांगितलं नव्हतं. मी फक्त ऐकलं. ते इथे लिहीत नाही.

खडूफळाताई, दाणे जरूर वापरा. काय झालं ते कळवा.

आता काकांना एक विचारायचंय. वरच्या मळ्यात यंदा माती परीक्षण करायचंय. आण्णा दरवेळी विहिरीजवळून फावडंभर माती भरून देत आले, निकाल नेहमी चांगला यायचा आणि खताचा उपयोग दिसायचा नाही. यावेळी मी घेणार आहे. सव्वादोन एकर आहे. त्यातला नाल्याकडचा साधारण पंधरा गुंठे खोलगट आणि चोपण (क्षारांमुळे घट्ट झालेला) आहे, बाकी मध्यम काळी. सगळीकडचं घेऊन एकत्र मिसळलं तर चालेल का?

---

काळी माती

नाही, ताई. सगळं एकत्र केलंत तर जो निकाल येईल तो तुमच्या शेतातल्या कुठल्याच जमिनीचा नसेल.

मध्यम काळीत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला करा. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, वीतभर खोल, म्हणजे वीस सेंटिमीटर. त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्या. बांधालगत, झाडाखाली, शेणखताचा ढीग होता तिथे आणि विहिरीजवळ घेऊ नका. आण्णांना सांगा, विहिरीजवळ पाणी आणि जनावरं दोन्ही असतात, ती माती शेताच्या वतीने बोलत नाही. खत टाकून तीन महिने झालेले असावेत. सगळी गोणपाटावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. पुन्हा मिसळा, पुन्हा दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. ओली असेल तर सावलीत वाळवा, उन्हात नको. कापडी पिशवीत भरा.

नाल्याकडचे पंधरा गुंठे वेगळे धरा. तिथली पाच-सहा ठिकाणं घ्या, मिसळायचं गोणपाट वेगळं, पिशवी वेगळी. चिठ्ठीवर गट नंबर, आधीचं पीक आणि 'चोपण, नाल्याकडील' असं स्वच्छ लिहा. दोन चिठ्ठ्या करा, एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर बांधून.